मांजराच्या पोटाचा हक

आपल्या मोहल्ल्यांत कुत्रा पाळणारी घरे थोडी. पण मांजर नसलेली गल्ली शोधून सापडायची नाही. मशिदीच्या हौदाच्या काठावर, मटणाच्या दुकानाच्या फळीखाली, दस्तरखानाच्या कडेला, आजीच्या गोधडीत, सगळीकडे त्याचा वावर. या लळ्याला आपल्याकडे जुना आधारही आहे. हजारो हदीस ज्यांनी आपल्यापर्यंत पोहोचवल्या ते हजरत अबू हुरैरा (रजि.) आपल्या मूळ नावाने नव्हे, तर ‘मांजराच्या पिल्लाचे वडील’ अशा अर्थाच्या या टोपणनावानेच ओळखले जातात. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या वुजूच्या पाण्याजवळ मांजर आले, तेव्हा त्याला नीट पिता यावे म्हणून त्यांनी भांडे त्याच्याकडे कलते केले. पाहणाऱ्या सुनेला नवल वाटले, तेव्हा त्यांनी सांगितले की, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मांजराला नापाक मानलेले नाही, ते तर आपल्या घरात फिरणाऱ्यांपैकीच आहे. अबू दाऊद आणि तिर्मिझी यांच्या संग्रहांत ही हदीस आली आहे.

मांजराविषयीची दुसरी हदीस मात्र ऐकताना अंगावर काटा येतो. एका स्त्रीला मांजरामुळे अजाब झाला, असे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहे. तिने मांजर कोंडून ठेवले. तिने त्याला खायला दिले नाही, आणि जमिनीवरचे किडे-उंदीर त्याने स्वतः शोधून खावेत म्हणून मोकळेही सोडले नाही. या हदीसमधला पहिला भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो. आम्हाला आज दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. मांजर मोकळे असते तर त्याने आपले पोट भरले असते. त्याला बंद दाराआड ठेवल्यावर त्याच्या पोटाची सगळी जबाबदारी दार लावणाऱ्यावर आली.

आता आपल्या घरांकडे पाहू. गावाकडच्या घरी मांजर दिवसभर कौलांवर, गोठ्यात, परसात असायचे. घरातून मिळणारे दूध-भाकरी किंवा माशाचे डोके हा त्याचा वरखर्च होता. खरे जेवण ते स्वतः कमवायचे. मुंब्रा, मीरा रोड, कोंढवा अशा ठिकाणी सातव्या मजल्यावर, खिडकीला जाळी लावलेल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मांजराला उंदीर दिसतही नाही. गाडीखाली येऊ नये, खाली पडू नये म्हणून आपण ते आत ठेवतो आणि ते योग्यच आहे. पण मग त्याच्या वाडग्यात आपण जे टाकू तेच त्याचे संपूर्ण अन्न ठरते. जे वरखर्चाला पुरत होते ते पोटाला पुरेल का, हा विचार आपल्या घरांत फारसा होत नाही. या महिन्याचे सदर त्यासाठी.

उंदीर काय देत होता?

मांजर हा निखळ मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा माणसाच्या संगतीत भाकरी-भातावर बऱ्यापैकी तगतो. मांजराचे तसे नाही. काही घटक त्याच्या शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ते मांसातूनच मिळावे लागतात. गाजर-भोपळ्यातल्या पिवळ्या रंगद्रव्यापासून माणूस अ जीवनसत्त्व बनवतो. मांजराला ते जमत नाही. त्याला गोड चवही कळत नाही. खीर-शिरा ते चाटते ते त्यातल्या दुधा-तुपासाठी.

सगळ्यात महत्त्वाचा घटक म्हणजे टॉरिन. हे आहारात कमी पडले तर मांजराच्या डोळ्यांचा पडदा झिजत जातो आणि ते आंधळे होऊ शकते, हे १९७५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांच्या लक्षात आले की, याच कमतरतेने मांजराचे हृदय फुगून दुबळे होते. विशेष म्हणजे, अशी काही मांजरे बाजारातले तयार खाद्य खात होती. त्यांना टॉरिन दिल्यावर हृदये सुधारली, आणि त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातले टॉरिन वाढवले. उंदरात हे टॉरिन भरपूर असते. भातात, चपातीत अजिबात नसते, आणि दुधात नगण्य.

उंदीर आणखी एक गोष्ट देत होता, ती म्हणजे पाणी. त्याच्या शरीरात दोन तृतीयांशाहून अधिक पाणीच असते. मांजराचे मूळ वाळवंटी प्रदेशातले. शिकारीतूनच पाणी मिळत असल्याने त्याला तहान कमी लागते. कोरड्या दाण्यांवर वाढणाऱ्या मांजराला ही सवय महागात पडते. लघवी घट्ट होते, खडे धरतात, आणि बोक्याचा मूत्रमार्ग तर अरुंद असल्याने चक्क बंद होतो. बोका पुन्हा पुन्हा बसतो, ओरडतो आणि लघवी होत नाही असे दिसले, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. उशीर झाला तर जीव जातो.

आपल्या ताटातले काय नको

मांजर आणि दूध ही जोडी गोष्टींमधून आपल्या मनात बसली आहे. पिल्लूपण सरले की बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचेनाशी होते आणि जुलाब लागतात. चमचाभर दुधाने काही बिघडत नाही, पण वाटीभर दूध म्हणजे जेवण नव्हे. आई नसलेल्या अगदी लहान पिल्लालाही गाईचे दूध नको. त्यांच्यासाठी तयार दुधाची वेगळी पावडर मिळते.

आपल्या घरातला मोठा धोका मात्र कांदा-लसणाचा आहे. बिर्याणीचा मसाला, शोरबा, कबाब, हलीम, सगळ्यांत कांदा-लसूण असतोच. कांद्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि रक्त कमी होते. वजनाच्या दर किलोमागे ५ ग्रॅम कांदा पोटात गेला तरी हे घडू शकते. म्हणजे चार किलोच्या मांजराला वीस ग्रॅम, मध्यम कांद्याची एक मोठी फोड. शिजवल्याने, तळल्याने किंवा वाटल्याने हा दोष जात नाही. लसूण त्याहून तेज. ‘बोटी पाण्याखाली धुऊन दिली’ हा उपाय म्हणूनच पुरा पडत नाही. मांजराची बोटी मसाला लावण्याआधीच बाजूला काढावी.

शिजवलेली हाडे टाळावीत. शिजल्यावर ती ठिसूळ होऊन टोकदार फुटतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. माशाच्या काट्यांचेही तसेच.

कोकणातल्या वाचकांना मासे हे मांजराचे हक्काचे अन्न वाटेल. द्यावेत, पण रोज फक्त मासे नकोत. काही कच्च्या माशांमध्ये ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. अशा माशांवरच ठेवलेल्या मांजराची मान लटकते, तोल जातो. उकडल्याने हा घटक निष्प्रभ होतो. तेलकट मासे सतत दिले तर शरीरातल्या चरबीला सूज येते आणि हात लावला तरी मांजर कळवळते. खारवलेल्या सुक्या मासळीत मिठाचा मारा असतो, ती देऊच नये.

कलेजीबाबतही हात आखडता हवा. कलेजी पौष्टिक खरी, पण तिच्यात अ जीवनसत्त्व इतके असते की रोज कलेजीच दिली तर काही महिन्यांत मानेची हाडे एकमेकांना चिकटतात आणि मांजराला मान वळवता येत नाही. आठवड्यातून एखादा लहान तुकडा पुरे.

जाता जाता एक गोष्ट औषधाची. ताप आला म्हणून मांजराला आपली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये. एक गोळीही त्याचा प्राण घेऊ शकते.

पाकीट वाचायला शिका

मग द्यायचे काय? ज्यांना फार वेळ नाही त्यांनी बाजारातले चांगले तयार खाद्य मुख्य जेवण म्हणून ठेवावे. त्यासाठी पाकिटावरच्या गुबगुबीत मांजराच्या चित्राकडे न पाहता पाकीट उलटे करावे आणि मागची बारीक अक्षरे वाचावीत.

पहिली गोष्ट, ते खाद्य मांजराचे आहे ना? कुत्र्याचे खाद्य स्वस्त पडते म्हणून काही जण तेच देतात. कुत्र्याचे शरीर सहसा टॉरिन स्वतः बनवते, त्यामुळे त्याच्या खाद्यात ते पुरेसे असेलच असे नाही.

दुसरी गोष्ट, त्यावर ‘कम्प्लीट’ किंवा ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ असे लिहिले आहे का? याचा अर्थ, दुसरे काही न देता त्यावर मांजर जगू शकते. ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘ट्रीट’ लिहिलेले असेल तर ते तोंडी लावणे आहे. चाटायच्या नळ्या, मलईदार पाऊच यांतले बरेच या दुसऱ्या प्रकारात मोडतात. मांजर त्यांच्यावर तुटून पडते आणि आपल्याला वाटते, हेच त्याचे आवडते जेवण. मुलाला आवडते म्हणून आपण त्याला तिन्ही त्रिकाळ आईस्क्रीम देत नाही.

तिसरी गोष्ट वयाची. साधारण वर्षाचे होईपर्यंत ‘किटन’ लिहिलेले खाद्य द्यावे. गाभण आणि अंगावर पाजणाऱ्या मांजरीलाही तेच चांगले, कारण तिची भूक आणि गरज दोन्ही वाढलेल्या असतात.

चौथी गोष्ट प्रथिनांची. इथे थोडे गणित आहे. अमेरिकेतील ‘आफ्को’ या संस्थेच्या मापाप्रमाणे, पाणी वगळून मोजले तर मोठ्या मांजराच्या खाद्यात किमान २६ टक्के आणि पिल्लाच्या खाद्यात किमान ३० टक्के प्रथिने हवीत. अनेक कंपन्या हेच माप धरतात. आता समजा, कोरड्या दाण्यांच्या पाकिटावर प्रथिने ३० टक्के आणि ओल्या खाद्याच्या पाऊचवर १० टक्के लिहिले आहे. दाण्यांत तिप्पट पौष्टिकपणा आहे असे वाटेल. पण पाऊचमध्ये ८० टक्के पाणी आहे. उरलेल्या २० भागांत १० भाग प्रथिने, म्हणजे ५० टक्के झाले. दाण्यांत पाणी १० टक्के. उरलेल्या ९० भागांत ३०, म्हणजे ३३ टक्के. पाणी वजा केल्याशिवाय दोघांची तुलना करू नये.

पाचवी गोष्ट घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या एक-दोन जागांवर कोंबडी, मासा अशा नावाने ओळखता येणारा मांसघटक दिसला तर बरे. नुसते ‘ॲनिमल डेरिव्हेटिव्हज’ असे मोघम लिहिले असेल तर कोणत्या प्राण्याचे मांस आहे ते कळत नाही. ज्या घराला घरात आणि हातात येणाऱ्या वस्तूची शंका नको असेल, त्यांनी फक्त मासा किंवा कोंबडी असे स्पष्ट लिहिलेले खाद्य घ्यावे. मांजराला देण्याबाबतचा मसला कोकणातल्या शाफई घरांनी आणि इतरत्रच्या हनफी घरांनी आपापल्या आलिमांना विचारून घ्यावा. पिशवीच्या रंगावरून किंवा कोणाच्या ऐकीव सांगण्यावरून ठरवू नये.

शेवटी तारीख पाहावी. ‘बेस्ट बिफोर’ निघून जायला निदान चार-सहा महिने बाकी असावेत. स्वस्तात विकायला काढलेली पाकिटे बहुधा तारखेच्या जवळ आलेली असतात.

घरी शिजवायचे असेल तर

घरच्या हाताची चव मांजरालाही आवडते. कोंबडी कांदा, मीठ, मसाला न घालता उकडावी. छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा तंगडीच्या गडद मांसात टॉरिन जास्त असते, आणि हृदयात त्याहून अधिक. कोंबडीवाल्याकडे हृदये स्वस्तात मिळतात, ती थोडी मिसळावीत. टॉरिन पाण्यात उतरते. म्हणून उकडलेले पाणी ओतून न देता मांसाबरोबर वाडग्यात घालावे. त्याने पाणीही पोटात जाते.

पण हाडाविना मांसात कॅल्शियम फारच कमी असते. महिनोन्महिने नुसत्या बोनलेस कोंबडीवर वाढणाऱ्या पिल्लाची हाडे मऊ होतात, उडी मारताना पाय मोडतो. म्हणून सोपी वाट अशी, की मुख्य जेवण ‘कम्प्लीट’ खाद्याचे ठेवावे आणि घरचे मांस-मासे दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत द्यावेत. पूर्णपणे घरचेच द्यायचे असेल तर पशुवैद्यांकडून कॅल्शियम आणि टॉरिनचे प्रमाण लिहून घ्यावे आणि ते काटेकोर पाळावे.

कच्चे मांस देऊ नये. त्यातून जंतू आणि टॉक्सोप्लाझ्मासारखे परजीवी मांजरात शिरतात, आणि मांजराच्या विष्ठेतून घरातल्या गर्भवतीपर्यंत पोहोचू शकतात. यासाठी सुनेला दिवस गेले म्हणून मांजर घराबाहेर काढायची गरज नाही. मांस शिजवून द्यावे आणि मांजराच्या वाळूची ताटली दुसऱ्या कोणी रोजच्या रोज साफ करावी. विष्ठेतला परजीवी अपायकारक व्हायला निदान एक दिवस लागतो, म्हणून ‘रोज’ हा शब्द महत्त्वाचा.

किती, आणि कधी

चार किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात. कोरड्या दाण्यांच्या १०० ग्रॅममध्ये ३५० ते ४०० कॅलरी असतात. म्हणजे दिवसभराचे दाणे ५० ते ६५ ग्रॅम, जेमतेम दोन मुठी. पाकिटावरचा तक्ता पाहून एकदा काट्यावर तोलावे आणि त्या मापाची एक वाटी ठरवून टाकावी. वाडगा सतत भरून ठेवण्याची सवय मोडावी. फ्लॅटमधले मांजर भुकेपेक्षा कंटाळ्याने जास्त खाते आणि लठ्ठ होते. मोठ्या मांजराला दिवसातून दोन-तीन वेळा, पिल्लाला तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे. बरगड्यांवर हात फिरवला तर त्या बोटांना लागाव्यात, पण नजरेला दिसू नयेत.

पाण्याचा वाडगा पसरट असावा, जेवणापासून जरा दूर असावा आणि घरात दोन-तीन ठिकाणी असावा. दिवसातून एकदा ओले खाद्य दिले किंवा दाण्यांवर कोमट पाणी घातले तरी फरक पडतो.

रमजानमध्ये घराचे घड्याळ बदलते, तसे मांजराचेही. सहरीला सगळे उठले की ते पायात घोटाळते, आणि दुपारी घर निजले की त्याचे पाणी आटून गेलेले असते. रोजा आपला आहे, त्याचा नाही. दुपारचे पाणी आणि घास घरातल्या रोजा न ठेवणाऱ्या लहान मुलावर सोपवावा. त्यालाही एक काम मिळते.

खाद्य बदलायचे असेल तर सात ते दहा दिवसांत, जुन्यात नवे थोडे थोडे वाढवत बदलावे. ‘भूक लागली की झक मारून खाईल’ असे म्हणून मांजराला उपाशी ठेवू नये. विशेषतः लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवले नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचते आणि ते दगावू शकते. दिवसभरात काहीच खाल्ले नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

पावसाळा आणि डबा

चांगले खाद्य निवडूनही ते घरात बिघडते, ते साठवणीमुळे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे, आणि कोकणात तर अधिकच, हवा इतकी दमट असते की मीठसुद्धा पाझरते. मांजराच्या दाण्यांवर चरबीचा लेप असतो. ऊन, हवा आणि ओल लागली की तो खवट होतो. मग मांजर वाडगा हुंगून निघून जाते आणि आपण म्हणतो, ‘नखरे करते.’

बुरशीचा धोका याहून मोठा आहे. मका, शेंगदाणा यांवर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृत जाळते आणि शिजवल्यानेही पूर्ण जात नाही. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी भागांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली, ती याच विषाने. मांजराच्या बऱ्याच दाण्यांत मका असतो. म्हणून बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचे वापरू नये; सगळी पिशवी टाकून द्यावी.

साठवणीचे नियम साधे आहेत. एका मांजराला महिन्याला दीड ते दोन किलो दाणे लागतात. मोठी पिशवी किलोमागे स्वस्त पडते, पण ती तीन-चार महिने उघडी राहणार असेल तर तो सौदा तोट्याचा. महिना-दीड महिन्यात संपेल एवढीच घ्यावी. दुकानात मोठ्या पोत्यातून तोलून दिलेले सुटे दाणे टाळावेत. पोते कधी उघडले आणि त्याची तारीख काय, हे कळायला मार्ग नसतो.

दाणे पिशवीतून काढून डब्यात ओतू नयेत. पिशवीतली हवा दाबून काढून, तोंड दुमडून, चिमटा लावून ती पिशवीच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावी. पिशवीला आतून तेल न झिरपणारा थर असतो, आणि तारीख व बॅच नंबरही तिच्यावरच राहतो. २००७ मध्ये अमेरिकेत प्राण्यांच्या खाद्यात मेलामाइनची भेसळ सापडली आणि कंपन्यांना माल परत मागवावा लागला. अशा वेळी आपल्या घरातले पाकीट त्यातले आहे का, हे या नंबरावरूनच कळते. डब्यातच ओतायचे असेल तर जुने पूर्ण संपवून, डबा धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच नवे भरावे. तळाशी राहिलेले खवट तेल नव्या दाण्यांनाही खराब करते.

डबा शेगडीजवळ, फ्रिजच्या डोक्यावर किंवा बाल्कनीत ठेवू नये. जमिनीपासून वर, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावा. २७ अंशांच्या आत राहिले तर उत्तम. ओला हात किंवा ओला चमचा आत घालू नये. पिशवी उघडल्याची तारीख पेनाने वर लिहावी. दाण्यांचे गठ्ठे झाले, जुन्या तेलाचा वास आला, किडे दिसले किंवा उंदराच्या लेंड्या आढळल्या, तर ते खाद्य गेले असे समजावे.

उघडलेला पाऊच किंवा डबा फ्रिजमध्ये झाकून ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत संपवावा. वाडग्यातले ओले खाद्य उन्हाळ्यात तासाभराने उचलावे. उकडलेली कोंबडी एकेका दिवसाच्या पुड्या करून फ्रीजरमध्ये ठेवावी, लागेल तशी आदल्या रात्री खाली उतरवावी आणि देताना किंचित कोमट करावी. फ्रिजमधले गार अन्न मांजराला आवडत नाही. जिथे वीज तासन्‌तास जाते तिथे फ्रीजरवर भिस्त न ठेवता थोडे थोडेच शिजवावे. मांजराचा वाडगा रोज साबणाने धुवावा. मांजराचे उष्टे नापाक नसले तरी शिळ्या वाडग्यातले जंतू जंतूच असतात.

बकरी ईदचे दिवस

कुरबानीच्या दिवशी मांजराची चंगळ होते आणि दुसऱ्या दिवशी त्याला जुलाब लागतात. कच्ची चरबी आणि हाडे देण्याऐवजी पातळ मांसाचे दोन तुकडे उकडून द्यावेत. एक सूचना मात्र सगळ्यांसाठी आहे. जनावराच्या कलेजीत किंवा फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी दिसल्या तर तो भाग रस्त्यावरच्या कुत्र्यांपुढे फेकू नये. त्या गाठी एका जंताच्या असतात. तो कुत्र्याच्या पोटात वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून माती-पाण्यात आणि तिथून आपल्या मुलांच्या पोटात जातात, आणि वर्षांनंतर त्यांच्या यकृतात तशाच गाठी धरतात. असा भाग खोल खड्ड्यात पुरावा किंवा पालिकेच्या ठरलेल्या गाडीत द्यावा.

खर्चाचे काय?

‘माणसांना खायला नाही आणि तुम्ही मांजराच्या पाकिटांवर लिहिता?’ असे कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. उधळपट्टी आपल्या दीनमध्ये नापसंत आहे, आणि परदेशी महागड्या डब्यांची मांजराला गरजही नाही. ‘कम्प्लीट’ लिहिलेले मध्यम किमतीचे साधे खाद्य, मापाने दिलेले आणि नीट साठवलेले, हे महाग खाद्य भरभरून ओतण्यापेक्षा चांगले. खवट होऊन फेकून दिलेली अर्धी पिशवी हीच खरी उधळपट्टी.

पण पाळले की त्याचा खर्च ही मेहरबानी उरत नाही. फिकहच्या किताबांमध्ये बायको-मुलांच्या नफक्याबरोबर पाळीव जनावरांच्या नफक्याचाही विचार केलेला आहे. मालकाने त्याला पोसावे. पोसणे जमत नसेल तर जो पोसू शकतो त्याच्या हवाली करावे. मुलांच्या हट्टापायी पिल्लू आणण्यापूर्वी हा हिशेब मांडावा. महिन्याचे दाणे, वर्षाची लस, आजारपण, आणि दहा-पंधरा वर्षांचे आयुष्य. हिशेब बसत नसेल तर पिल्लू आणू नये. इमारतीखालच्या मांजरांना ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी चार दाणे आणि स्वच्छ पाणी ठेवावे आणि नंतर ती जागा पुसून घ्यावी. त्याचाही सवाब आहे. प्रत्येक जिवंत काळजाशी केलेल्या भलाईचा मोबदला मिळतो, ही शिकवण आपल्याला हदीसमधूनच मिळालेली आहे.

ज्यांच्या घरी मांजर आधीच आहे त्यांनी हा अंक खाली ठेवला की स्वयंपाकघरात जाऊन पाकीट उलटे करून पाहावे. त्यावर ‘कम्प्लीट’ आहे का? तारीख आहे का? दाण्यांचा वास कसा येतो? वाडग्यात पाणी आहे का? पाच मिनिटांचे काम आहे. मांजराला तक्रार करता येत नाही, आणि दाराची कडी आपल्या हातात आहे. या मुक्या जिवांच्या बाबतीत जी अमानत आपल्यावर सोपवली आहे, ती नीट पार पाडण्याची तौफीक अल्लाह आपल्या सगळ्यांना देवो. आमीन.